उतारावरचे उघडे नळ

वन्सं फोनवर कुजबुजत होत्या. एरवी त्यांचा आवाज असा, की फोन कानापासून वीतभर लांब धरावा आणि तरी शेजारच्याने उत्तर द्यावं. म्हणून भावजयीने आधी फोन कानाला घट्ट दाबला, शब्द मग कळले.

"अगं, माझी बादली कुणीतरी पितंय."

"म्हणजे?"

"म्हणजे पितंय. मोरीत बादली भरून ठेवते. नळाला पाइप, पाइपचं टोक बादलीत. भांडी घासून येते तर बादली अर्धी. वाटलं, तळाला भोक पडलं असेल. तर खाली फरशी कोरडी ठणठणीत. काल झालं, आज झालं. तुझ्या नवऱ्याला सांगू नकोस बरं का. लगेच डॉक्टरला विचारेल, ताईचं डोकं फिरलंय का म्हणून."

"मी येते," भावजय म्हणाली.

"ये. येताना भुतासाठी पेला आण. माझे सगळे घासून झालेत."

भावजयीला हसू आलं नाही. वन्संना रक्ताचं दुखणं होतं. औषधांनी दुखणं मागे हटलं होतं, पण जाताना अंगातली सगळी ताकद सोबत घेऊन गेलं होतं. डॉक्टरांनी घरी सोडताना भावजयीला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, की यांच्या अंगात आता पहारा नाही. दारं सताड उघडी आहेत. एक घाण घोट पोटात गेला, एखादी जखम चिघळली, तर आमच्या हातात फारसं काही उरणार नाही. तेव्हापासून भावजय वन्संकडे गेली की आधी त्यांच्या कपाळाला हात लावायची. वन्सं तो हात झटकायच्या. "माझ्या कपाळावर काय लिहिलंय ते तुला वाचता येणार आहे का?"

वन्संचं घर उताराच्या अगदी टोकाला. खाली मोठा रस्ता, रस्त्यापासून वर चढत जाणारी अरुंद वाट, आणि वाटेच्या दोन्ही अंगांना घरं, एकमेकांच्या खांद्यावर बसून पलीकडचं बघत असल्यासारखी. वाटेच्या कडेने गटार उतरायचं. गटाराला लागूनच, कुठे वरून तर कुठे खालून, पाण्याची जुनी लोखंडी नळी चढायची. रस्त्याच्या पलीकडे नवी वसाहत उभी राहत होती. तिचे मनोरे इतके उंच, की सकाळची सावली थेट उतारावर पडायची. कुंपणावर मोठा फलक होता: दिवसरात्र पाणी. त्या फलकाखालचं गणित भावजयीचं होतं. कोणत्या घडीला किती पाणी लागेल, कोणत्या नळीतून किती जाईल, कुठे जोर पुरेल आणि कुठे कमी पडेल, हे सगळं संगणकावर आधी घडवून बघायचं. त्याला ऑफिसात मॉडेल म्हणत. वन्सं त्याला म्हणत, "पाण्याची चित्रं."

मोरीत बादली तशीच होती. पाइपचं टोक पाण्यात बुडालेलं. दोघी दारात उभ्या राहून बघत राहिल्या. पाणी हलत नव्हतं, तरी बादलीच्या आतल्या अंगाला ओलाव्याची एक रेघ उघडी पडत चालली होती. रेघेची पट्टी झाली. पट्टी रुंदावत गेली. कुणीतरी अगदी शांतपणे, घाई न करता, पीत होतं.

भावजयीने पाइप काढला. नळ उघडा ठेवून त्याच्या तोंडाला तळहात लावला. तळहाताचं मांस आत ओढलं गेलं. लहान मूल बोट चोखतं तसं, पण थंड. तिने हात झटकन मागे घेतला. तळव्यावर नळाच्या तोंडाची लाल कडी उमटली होती.

"ओढतोय ना?" वन्सं म्हणाल्या. त्यांचा आवाज पुन्हा बारीक झाला होता. "मला वाटलं, मलाच भास होतोय."

"वन्सं, पाइप बादलीत बुडवून ठेवायचा नाही. कधीच नाही."

"का, त्याला सर्दी होते?"

भावजय मोरीच्या कट्ट्यावर बसली. "पाण्याला वर चढायला जोर लागतो. खाली कुणी मोठ्याने ओढलं की इथला जोर संपतो. मग नळीतलं पाणी माघारी उतरायला लागतं आणि उतरताना वरून काहीतरी ओढून घेतं. तुमची बादली होती, तिने बादली घेतली."

"आणि बादली नसली, नळ बंद असला तर?"

भावजयीने खिडकीकडे बोट केलं. वन्संनी खिडकीतून खाली बघितलं. गटार आणि नळी एकाच वाटेने, एकमेकांना धरून उतरत होती.

"नळीचे सांधे जुने आहेत," वन्सं स्वतःशीच म्हणाल्या. "अय्या. मग ते गटाराचंच पिणार की."

"हो."

"आणि जोर परत आला की ते माझ्याकडे वर येणार."

"हो."

वन्संनी पदराला हात पुसत ताल धरला. दुखण्याआधी त्या येताजाता असं काहीतरी जुळवत, उतारावरच्या बायकांचं हसून पोट दुखेल असं:

"भावजय बाई माझी, पाण्याची चित्रं काढी,
तहान लागली तर, कागद माझ्यापुढं वाढी."

पण दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज फाटला.

पलीकडे वसाहतीत टाक्यांची चाचणी चालू होती. रोज थोड्या थोड्या टाक्या भरून बघत होते. सगळ्या एकदम भरायची तारीख भावजयीला ठाऊक होती. परवा सकाळी.

दुसऱ्या दिवशी तिने ऑफिसात मॉडेल उघडलं. पडद्यावर सगळं शहर पसरलेलं होतं, नळ्यांच्या रेघा आणि घरांचे ठिपके. ठिपका हिरवा म्हणजे जोर पुरेसा. सगळं हिरवंगार होतं. गेले कितीतरी दिवस ते हिरवंच होतं आणि त्या हिरव्यावर सह्या झाल्या होत्या. उद्याची सकाळ चालवून बघितली. हिरवं. तिने उतार शोधायला सुरुवात केली. रस्ता सापडला, गटाराचं वळण सापडलं. उतार कुठेच नव्हता.

आणि मग तिला आठवलं.

या कामाची एक रीत आहे. सगळ्या बारीकसारीक नळ्या ठेवल्या तर मॉडेल जड होतं, चालायला वेळ घेतं. म्हणून बारीक फांद्या छाटायच्या आणि त्यांच्यावरची घरं जवळच्या मोठ्या ठिपक्यात गोळा करायची. सगळेच करतात, शिकवतातही तसंच. तिनेही केलं होतं. उतारावरच्या सगळ्या घरांची तहान तिने पायथ्याच्या ठिपक्यात ओतली होती. तहान तेवढीच राहिली, पण चढ गेला. मॉडेलमध्ये पाण्याला उतार चढावाच लागत नव्हता. वन्संचं घर तिने आपल्या हाताने उचलून रस्त्यावर आणून ठेवलं होतं आणि वर सही घेतली होती की इथे सगळं ठीक आहे.

तिने उतार परत बांधायला घेतला. जुन्या नकाशावरून एकेक नळी, एकेक ठिपका, प्रत्येकाची उंची. आकडे नकाशावर होते, पण हात चालत होता तो पायांच्या आठवणीने. इथे पहिला दम लागतो. इथे रंगाऱ्याचं घर, दारात रंगवलेले ओले कपडे नाकाला लागतात. इथे मास्तरांचा कट्टा. इथे गटार नळीवरून पलीकडे जातं. इथून वर चढताना नवरा दर वेळी म्हणतो, ताईने घर घेतलं की गड घेतला. आणि हे टोक.

मॉडेल चालवलं. उद्याची सकाळ पडद्यावर उजाडली. टाक्यांचे व्हॉल्व्ह उघडले. शहर हिरवं राहिलं. उतार वरून खाली पिकत आला, आधी पिवळा, मग नारिंगी, मग लाल. टोकाच्या ठिपक्यावर तिने बोट ठेवलं. आकड्याच्या आधी उणेचं चिन्ह होतं: इथे नळ देणार नव्हता, ओढणार होता.

साहेब खोलीत पित्ताची गोळी चघळत होते. माणूस वाईट नव्हता. त्याला सगळ्याचीच भीती वाटायची, आणि ज्याची जास्त वाटेल त्याचं तो ऐकायचा. तिने लॅपटॉप आत नेला आणि पडदा त्यांच्याकडे वळवला.

"हे काय?"

"उतार. आपण छाटला होता."

ते पुढे झुकून बघत राहिले. गोळी चघळायची थांबली. "मॉडेल पास झालंय, मॅडम."

"हो. उताराशिवाय पास झालंय."

"उताराची नळी तोडून ठेवता येईल? तेवढ्या वेळापुरती? पायथ्याला व्हॉल्व्ह आहे ना, किल्लीवाल्याला फिरवायला सांगू."

"तो व्हॉल्व्ह नव्या डांबराखाली गेला. वसाहतीचा रस्ता रुंद केला तेव्हा. मी सकाळीच किल्लीवाल्याशी बोलले."

साहेबांनी डोळे मिटले. मग फोन उचलून वसाहतीच्या मॅनेजरला लावला आणि स्पीकरवर टाकला, जणू एकट्याने ऐकायची हिंमत नव्हती.

"उद्या सगळ्या टाक्या एकदम नका भरू," साहेब म्हणाले. "हळूहळू, पाळीपाळीने भरा."

"अहो, उद्या अग्निशमनवाले येतायत." मॅनेजर गोड बोलायचा. "टाक्या भरलेल्या दिसल्या नाहीत तर दाखला नाही. आणि काळजी कसली? तुमच्याच मॉडेलने हिरवं दाखवलं ना? मी तर ते चित्र लावलंय भिंतीला."

"एक भाग राहिला होता. रस्त्यापलीकडचा उतार."

"बरं. मग तिथे थोडा वेळ पाणी जाईल. त्यांना सवय आहे, साहेब. कुरकुर करतील आणि विसरतील."

"पाणी जाण्याचा प्रश्न नाही," भावजय मध्येच म्हणाली. "पाणी परत येण्याचा आहे."

मॅनेजरने विचारलं, "या कोण?"

"आमच्या मॉडेलच्या मॅडम."

"मॅडम, छान काम केलंत. फार सुंदर हिरवं केलंत." आणि फोन बंद झाला.

साहेबांनी नवी गोळी काढली. "उद्याचं होऊन जाऊ द्या. मग सुधारित मॉडेल देऊ. तोवर तुमच्या नणंदेला पाणी विकतचं न्या, बाटल्या न्या. तोंड धुवायलासुद्धा तेच द्या."

"आणि बाकीच्या घरांना?"

त्यांनी पडदा हलक्या हाताने पुन्हा तिच्याकडे वळवला. "हा लाल रंग मला दाखवू नका हो. माझ्या डोळ्यांपुढून जात नाही मग."

ती जागेवर येऊन बसली. तोंडचं पाणी पळणं म्हणजे काय ते तिला कळत होतं. जीभ टाळ्याला चिकटली होती आणि समोरच्या पेल्यातलं पाणी उचलवत नव्हतं. पडद्यावर उतार तसाच लाल. तिने एकेक करून बघायला सुरुवात केली. नळी मोठी केली, उद्यापर्यंत जमिनीत कोण घालणार? पंप लावला, कुठला पंप? शेवटी, उगाच, हात रिकामा नको म्हणून, तिने टोकाच्या ठिपक्यावर हवेचा व्हॉल्व्ह बसवला. नळीला श्वास लागला तर बाहेरची हवा आत घेणारं साधं तोंड. मॉडेल चालवलं. पाणी नळीतून उतरलंच, उतार कोरडा पडलाच. पण उणेचं चिन्ह गेलं.

तिने पुन्हा चालवलं. पुन्हा गेलं. नळीला ओढायचंच होतं. वरून वारा मिळाला तर ती गटाराच्या वाटेला जात नव्हती.

हवेचा व्हॉल्व्ह उद्यापर्यंत कोण बसवणार होतं? पण उतारावर घराघरात एकेक तोंड आधीच बसवलेलं होतं. फक्त ते उघडं ठेवायला हवं होतं.

"पाणी नसताना नळ उघडे ठेवा?" दुसऱ्या दिवशी सकाळी वन्सं म्हणाल्या. "लोक म्हणतील, दुखण्यात शेवटी मेंदूही गेला."

"पाइप काढून, बादल्या बाजूला करून. नळाच्या तोंडाशी नुसती हवा हवी. वरच्या घरांनी तर नक्कीच. मी सांगून येते, तुम्ही बसा."

"तुझं कोण ऐकणार? तू आहेस कोण इथली?" वन्सं उठल्या आणि काठी शोधू लागल्या. "इथे सार्वजनिक नळ होता तेव्हा भांडणं कोण सोडवायचं? मी. कळशीने डोकी फुटायची तेव्हा मध्ये कोण पडायचं? मीच."

"वन्सं, तुम्हाला उन्हात..."

"अगं, मरायचंच तर गटाराचं पिऊन कशाला मरू? चालून मरते."

भावजयीने त्यांच्या कपाळाला हात लावला. गार होतं. या वेळी वन्संनी तो झटकला नाही.

वन्सं पुढे, भावजय मागे. वन्सं दारात काठी आपटायच्या. शेजारच्या ड्रायव्हरच्या बायकोने पिठाच्या हातानेच दार उघडलं. "नळ उघड आणि तसाच ठेव," वन्सं म्हणाल्या. "पाणी येणार नाही, तरी उघड. विचारू नकोस, माझी भावजय पाण्यातलं शिकलीय." तिने विचारलं नाही. मास्तर कट्ट्यावर पेपर घेऊन बसले होते. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मी हयातभर मुलांना शिकवलं, नळ बंद करा, थेंब थेंब वाचवा."

"आता म्हातारपणी उघडायला शिका. आज वाचवलेला थेंब तुमच्याच पोटात गटार होऊन जाईल."

"हे शास्त्रीय आहे का?" त्यांनी भावजयीला विचारलं.

"हो," ती म्हणाली. मनात म्हणाली, काल माझं हिरवंही शास्त्रीयच होतं.

मास्तर उठून आत गेले. आतून नळ फिरवल्याची करकर ऐकू आली. वन्संना मग सूर सापडला. एकेका दारात काठीच्या ठेक्यावर तेच:

"नळाला लागली धाप, उघडं ठेवा त्याचं तोंड,
वारं पाजा पोटभर, नाहीतर गटारात घालील सोंड."

पोरीबाळी हसत होत्या, पण नळ उघडत होत्या. भावजय मात्र खाली, रस्त्यापलीकडे बघत होती. कुंपणाच्या आत गाड्या येऊन उभ्या राहिल्या होत्या. पिवळ्या टोप्या इकडून तिकडे जात होत्या. मग त्या एका जागी थांबल्या.

पहिला आवाज वरून, ड्रायव्हरच्या घरातून आला. एक बारीक शीळ, आत ओढलेली. मग खालून, मास्तरांकडून. मग सगळीकडून. उतारावरचे नळ श्वास घ्यायला लागले. कुठे सुसकारा, कुठे घरघर, कुठे झोपेत म्हातारं माणूस ओढतं तसा लांब घोगरा दम. बायका दारात येऊन उभ्या राहिल्या. कुणी हसेना. ड्रायव्हरच्या बायकोने लेकराला उचलून कडेवर घेतलं आणि त्याचं तोंड आपल्या खांद्यात दाबलं.

"रंगाऱ्याचं राहिलं," वन्सं एकदम म्हणाल्या.

रंगाऱ्याच्या दाराला कुलूप होतं. माल पोचवायला गेला होता. खिडकीला गज. भावजयीने आत डोकावलं. खिडकीजवळच मोठा प्लास्टिकचा पिंप, त्यात गर्द निळा रंग, आणि नळाचा पाइप त्या निळ्यात बुडालेला. पाणी वाढवायला लावला असेल, नळ गेला म्हणून तसाच सोडून निघून गेला असेल. पिंपाच्या आतल्या अंगावर ओल्या निळ्याची पट्टी उघडी पडत होती. वन्संच्या बादलीत होती तशीच, पण इथे घाई होती.

"पितोय," ती म्हणाली.

वन्सं तिच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. पिंपाकडे, मग रस्त्यापलीकडे बघत राहिल्या. "हे जातंय कुठे गं? खाली?"

"खाली. मोठ्या नळीत. जिकडे ओढ आहे तिकडे."

"म्हणजे त्यांच्या टाकीत." वन्संच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. "मग राहू दे ना. पिऊ दे त्यांना."

भावजयीलाही क्षणभर वाटलं, राहू दे. पडद्यावरचं लाल कुणी बघितलं नाही, निळं बघतील. मग तिला इथून खालची घरं दिसली, त्यांच्या दारातल्या बायका दिसल्या. "वन्सं, मध्ये सगळी आपली घरं आहेत. आणि पलीकडे मजूर ते पाणी पितात. रंगात काय काय असतं कुणास ठाऊक."

वन्संनी सुस्कारा सोडला. "तुझ्यात दुष्टपणा नाही, तेवढं एक चुकलं बघ." मग त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि बाही वर सरकवली.

भावजयीने आधी हात घातला. कोपराच्या वर गजात अडकला. ड्रायव्हरच्या बायकोने घातला, तोही. वन्संचा हात दुखण्याने इतका वाळला होता, की गजांमधून दोरीसारखा आत गेला. कोपर गेलं, दंड गेला, खांदा गजाला भिडला. गाल लोखंडावर दाबून त्या चाचपडत राहिल्या.

"डावीकडे. अजून खाली."

"दिसत नाही गं मला."

"पिंपाची कड लागली? तिच्या आत. बोटं बुडवा."

बोटं निळ्यात बुडाली. पाइप हाताला लागला, निसटला. नळ घशातून आवाज काढत होता. पुन्हा लागला. वन्संनी तो बोटांच्या बेचक्यात धरला आणि ओढला. पाइपचं टोक रंगाबाहेर आलं, हवेत थरथरलं, आणि निळ्या थेंबांसकट हवा आत ओढत एक लांबलचक शीळ घालू लागलं.

कुणीतरी "सुटलं" म्हणालं. वन्सं हात बाहेर काढायला लागल्या. येताना गजाच्या गंजक्या कडेने दंडावर लांब ओरखडा काढला.

निळ्या हातावर लाल रेघ. ती आधी बारीक होती, मग तिच्यावर मणी फुटले आणि ओघळले. थांबेनात. वन्संचं रक्त आता सहज थांबत नसे. एक घाण घोट, डॉक्टर म्हणाले होते. एखादी जखम.

"धुवायला पाणी आण," वन्सं म्हणाल्या, आणि दोघी एकदम एकमेकींकडे बघू लागल्या. उतारभर नळ उघडे होते आणि कशातच धुण्यासारखं पाणी नव्हतं.

"सकाळचं उकळलेलं आहे," भावजय म्हणाली. "पातेल्यात, झाकलेलं." ती वर धावली. चढ तिच्या छातीवर बसला, दोन्ही बाजूंनी नळ धापा टाकत होते आणि तिला कळेना, हा दम त्यांचा की आपला. पातेलं घेऊन उतरताना एक थेंब सांडू नये म्हणून ती एवढी हळू चालली, की रडू यायला लागलं.

मास्तरांच्या कट्ट्यावर वन्संना बसवून तिने हात धुतला. निळं गेलं, लाल गेलं, पुन्हा लाल आलं. स्वच्छ फडकं घट्ट बांधलं. डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी लगेच घेऊन यायला सांगितलं. ड्रायव्हरची बायको नवऱ्याला गाडी आणायला सांगत होती. तेवढ्यात हातातला फोन वाजला. साहेब होते. तेही कुजबुजत होते.

"मॅडम, टाकीत निळं पाणी आलंय."

तिने रंगाऱ्याच्या खिडकीकडे बघितलं.

"जमिनीखालची मोठी टाकी. पांढऱ्या फरशीची. आम्ही सगळे तोंडाशी उभे आहोत, अग्निशमनवाले, मॅनेजर. आधी वाटलं आभाळ दिसतंय आत. कुठून आलं हे?"

"उतारावरून."

"पण पाणी तर इकडून तिकडे..." ते थांबले. तिला पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता. मागे मॅनेजर कुणाला तरी सांगत होता की रंग नव्या फरशीचा असेल. आणि एक अनोळखी, कोरडा आवाज विचारत होता, "हे पाणी लोक पिणार आहेत का?"

"साहेब," ती म्हणाली, "आज रंग होता म्हणून दिसलं."

मग साहेबांचा आवाज आला, फोनपासून दूर, दुसऱ्या कुणाला उद्देशून, आणि तो कुजबुजत नव्हता. "व्हॉल्व्ह बंद करा. सगळे. मी सांगतोय ना. माझं मॉडेल चुकलंय, बंद करा."

उतारावरची शीळ आधी खालच्या घरांत मंदावली. मग वर वर विझत गेली. टोकाला वन्संच्या नळाने एक उचकी दिली आणि सगळं गप्प झालं. इतकं गप्प, की गटाराचं वाहणं ऐकू यायला लागलं.

"आता बंद करायचे?" मास्तरांनी दारातून विचारलं.

"नाही. पाणी आलं की वाहू द्या. निवळ दिसलं तरी वाहू द्या. मी सांगेपर्यंत कुणी तोंडाला लावू नका."

मास्तरांचा नळ ठसकला. हवा थुंकली, गंजाचं तांबडं थुंकलं, थांबला, पुन्हा ठसकला. मग पाणी आलं. आधी निळसर, मग फिकट, मग बिनरंगी. वन्सं कट्ट्यावरून सरकत मोरीच्या दाराशी गेल्या आणि चांगला हात पुढे करून तळवा नळाच्या तोंडाशी धरला.

"ढकलतंय," त्या म्हणाल्या.

"घेऊ नका ते अंगावर."

"घेत नाही गं. बघतेय फक्त." त्यांनी हात मागे घेतला आणि पदराला न पुसता भावजयीपुढे धरला, पुसून दे म्हणून. तिने पुसला. बोट न् बोट, नखांच्या कडा.

खाली गाडीचा हॉर्न वाजला. भावजयीने वन्संना काखेत धरून उठवलं. वाट उतरताना दारादारातून पाणी वाहत गटारात जात होतं, आणि बायका ते वाहतं पाणी डोळे न हलवता बघत होत्या. दंडावरच्या फडक्यावर लाल ठिपका मोठा झाला होता. भावजयीने चालता चालता दुसरा हात वर केला आणि वन्संच्या कपाळाला लावला.

"काय लिहिलंय?" वन्संनी विचारलं.

कपाळ गार होतं. तिने हात तसाच ठेवला. "काही नाही. अजून तरी काही नाही."